पुढील खेळीची वाट

१८२४ सालीं लंडन व एडिंबरो येथील बुद्धिबळ-मंडळांनीं टपालानें सामना आरंभिला. १८२८ सालीं तो एडिंबरोनें जिंकला. एकेका खेळीच्या उत्तरास कित्येक दिवस लागत. परंतु टपालाची वेळ ठरलेली असे, ती टळली म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत मन मोकळें. आज तसेच डाव ई-मेलनें चालतात. उत्तर कोणत्याही क्षणीं येईल, म्हणून खेळाडू घटकाघटकेस टपाल उघडून पाहतो. प्रतिपक्ष काय करील, याचे तर्क जेवतांनाहि सुटत नाहींत. शेजारच्या पाटावरील मुलाचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. हें व्यसन डावाचें नव्हे, प्रतीक्षेचें होय. यासाठीं उत्तर पाहण्याची वेळ नेमावी. पूर्वीं पोस्टमन जी मर्यादा घाली, ती आतां ज्यानें त्यानें स्वतःच घालावी.