शेवग्याच्या पाल्याचे पोरियल

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या पाककृती-प्रात्यक्षिकाच्या वेळचे भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मला कढईपुढे बोलण्याची सवय आहे, सभेपुढे नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "मग कढई घेऊनच या." म्हणून ही शेगडी, ही कढई आणि हा पाल्याचा ढीग तुमच्यापुढे मांडला आहे. बोलताना माझे लक्ष फोडणीकडे गेले तर राग मानू नये.

आज करावयाचा पदार्थ म्हणजे शेवग्याच्या पाल्याचे पोरियल. नाव परके वाटले तरी पदार्थ तसा नाही. तमिळ घरात परतून केलेल्या कोरड्या भाजीला पोरियल म्हणतात. तीच भाजी कन्नड घरात पल्य, केरळात तोरन आणि तेलुगू घरात वेपुडु होते. प्रत्येकीचा हात वेगळा, पण रीत बरीचशी एकच. पालेभाजीला तमिळमध्ये कीरै म्हणतात, आणि शेवग्याच्या पाल्याला मुरुंगै कीरै. औषधांच्या दुकानातून 'मोरिंगा' नावाची हिरवी पूड हल्ली डबीत भरून विकतात ना, ती याच मुरुंगैची. दारात झाड असून ती डबी विकत आणणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत. नावे सांगत नाही, त्या याच सभेत बसल्या आहेत.

हे मी शिकले ते १९८६ साली. तेव्हा आम्ही नुकतेच सिडकोत राहावयास आलो होतो. वाळूजकडे कारखाने निघत होते आणि कामानिमित्त लांबलांबची कुटुंबे आपल्या गावात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, येऊन राहत होती. आमच्या शेजारी एक तमिळ कुटुंब आले. त्या बाईंना आम्ही सगळ्या अक्का म्हणत असू, आणि त्या मला ताई म्हणत. त्यांना मराठी येत नव्हते, मला तमिळ येत नव्हते. आमचे सारे व्यवहार हिंदीतून चालत, आणि ती हिंदी ऐकली असती तर हिंदीवाले रडले असते.

आमच्या अंगणात शेवगा होता. शेंगा आम्ही आमटीत घालीत असू. पाला मात्र झाडून कोपऱ्यात लोटावयाचा, एक शेळीवाली म्हातारी येऊन तो घेऊन जाई. एके दिवशी अक्कांनी कुंपणावरून तो पाला मागितला. मी अगदी सरळ मनाने विचारले, "तुम्ही शेळी पाळली आहे काय?" त्या हसू लागल्या त्या थांबेचनात. दुपारी वाटीभर भाजी माझ्या हातात आली. मी ती सौजन्य म्हणून चाखली आणि उरलेली झाकून ठेवली. किंचित कडसर लागली. खरे सांगते, तेव्हा मला ती आवडली नव्हती.

पुढे जे घडले ते सांगावे की नाही, याचा मी बराच विचार केला. पण ते सांगितल्यावाचून या भाजीला अर्थ नाही.

माझी थोरली मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर टाकून आडवी होई. जिना चढताना थांबे. काम सांगितले की डोके दुखते म्हणे. मी तिला आळशी म्हणत असे. एकदा नव्हे, रोज म्हणत असे, पाहुण्यांपुढेसुद्धा. तिच्या दप्तरात खडूचे तुकडे सापडले आणि ती ते खाते असे कळले, तेव्हा मी तिला मारले.

अक्कांनी हे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. मुलीला उजेडात नेऊन त्यांनी तिची खालची पापणी ओढून मला दाखविली. आत लाली नव्हतीच, पांढरट होते. "ताई, हिला डॉक्टरकडे न्या," एवढेच त्या म्हणाल्या. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ७.८ निघाले. ते १२ तरी असावयास हवे. खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हे पुष्कळदा रक्तातील लोह कमी झाल्याचे लक्षण असते, हेही मला त्या दिवशी कळले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून म्हटले, "तुमचेही तपासू या." माझे ९ भरले.

आमच्या घरी भाकरी होती, डाळ होती, पालेभाजी तर एक दिवसाआड होती. मग असे का व्हावे? हा प्रश्न मी अक्कांना विचारला, आणि त्यांनी मला उलट विचारले, "भाजी किती करता, आणि तुमच्या ताटात किती येते?"

भगिनींनो, हा हिशेब तुम्हीही घरी करून पाहा. चार जुड्या तांदुळजा निवडला की पातेले शिगोशीग भरते. शिजला की जेमतेम दोन वाट्या. घरात माणसे सहा. आधी पुरुषमंडळी, मग मुलगे, मग सासूबाई, मग मुली. शेवटी आपण, आणि आपण काय करतो? भाकरीच्या तुकड्याने कढई पुसतो. राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढ माणसाला रोज सुमारे १०० ग्रॅम पालेभाजी सांगते, तीही कच्च्या पाल्याच्या वजनाने. सहा माणसांची ती अर्ध्या किलोच्या वर जाते. आमच्या घरात भाजी होत होती, पण ती आम्हां मायलेकींपर्यंत पोचत नव्हती.

दुसरी चूक शिजविण्याची. तांदुळजा, चाकवत उकडावयाचा, पिळावयाचा आणि ते हिरवे पाणी मोरीत ओतावयाचे, ही मला आईने दिलेली रीत. त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलिक आम्ल यांचा मोठा वाटा निघून जातो. (ज्यांना मूतखड्याची व्यथा आहे त्यांची गोष्ट निराळी, त्यांनी कोणता पाला कसा खावा हे डॉक्टरांनाच विचारावे.) पोरियलात पाणी टाकावयाचे नसतेच, कारण पाणी घालावयाचेच नसते. नुसता शिंतोडा.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पाला आधी धुवावा आणि मग निवडावा. डहाळ्या रात्री ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर सकाळी झटकताच निम्मी पाने आपोआप गळतात. ही अक्कांची युक्ती, आणि ती कळल्यापासून निवडण्याचा कंटाळा गेला. बारीक देठ राहिले तरी चालतात, जाड काड्या मात्र काढाव्यात. त्या दातात येतात आणि मग घरातले लोक भाजीलाच नावे ठेवतात.

चार मोठ्या ओंजळी पाल्याला दोन मोठे चमचे मुगाची डाळ अर्धा तास भिजत घालावी. कढईत तेल तापले की मोहरी, ती तडतडली की एक चमचा उडदाची डाळ. फोडणीत डाळ पाहून माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "ही काय वरणाची फोडणी चुकली?" ती तांबूस होईपर्यंत धीर धरावा, कारण दाताखाली येणारा तिचा कुरकुरीतपणा हाच या भाजीचा निम्मा स्वाद आहे. मग दोन सुक्या मिरच्या, हिंग, कढीलिंब आणि बारीक चिरलेला एक कांदा. कांदा मऊ झाला की भिजलेली डाळ घालून दोन-तीन मिनिटे परतावी. त्यावर पाला, हळद आणि हाताने पाण्याचा शिंतोडा.

येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. मीठ शेवटी घालावे. पाल्याचा ढीग पाहून घातलेले मीठ पाला बसल्यावर खारट होते, हा अनुभव आपणां सर्वांनाच आहे. आणि फार ढवळू नये. शेवग्याचा पाला सारखा ढवळला की त्याचे गोळे होतात, आणि अक्कांच्या मते तो कडूही होतो. झाकण न ठेवता मंद आचेवर सात-आठ मिनिटे पुरतात. डाळ बोटाने चेपली जावी, पण तिचे पिठले होऊ नये. खाली उतरवून मूठभर ओले खोबरे आणि वाढताना अर्धे लिंबू.

लिंबू मी घालते. अक्का घालीत नसत. पण पाल्यातले लोह अंगी लागण्यास आंबट फळातल्या क जीवनसत्त्वाची मदत होते आणि जेवणावर लगेच घेतलेल्या चहाने अडथळा होतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा असे मी सांगते, तेव्हा आपल्या मंडळात जितकी नाराजी पसरते तितकी वर्गणी वाढविल्यावरही पसरत नाही.

राहिला प्रश्न नारळाचा. मराठवाड्यात नारळ पिकत नाही आणि रोजच्या भाजीला तो फोडणे सगळ्यांना परवडत नाही, हे मला मान्य आहे. पण स्नेह हवा. पाल्यातील अ जीवनसत्त्वाचा अंश तेला-खोबऱ्याबरोबरच अंगी लागतो. आपल्याकडचे सुके खोबरे किसून कोमट पाण्यात घटकाभर भिजवावे, ते चांगले चालते. तांदुळजा, राजगिरा, कोवळी करडई किंवा माठ असेल तर शेंगदाण्याचे जाडसर कूट मला नारळापेक्षाही आवडते. शेवग्याला मात्र खोबरेच बरे, त्याने कडसरपणा झाकला जातो. अंबाडी आणि चुका यांचे पोरियल करू नये. मी केले होते. त्यांना आपले वरण आणि लसणीची फोडणीच शोभते.

पालक महाग घ्यावा आणि शेवगा शेळीला घालावा, असे आपले चालते, म्हणून थोडे आकडे सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यात १०० ग्रॅम पालकात लोह सुमारे ३ मिलिग्रॅम आणि कॅल्शियम ८२ मिलिग्रॅम आहे. शेवग्याच्या पाल्यात लोह साडेचार आणि कॅल्शियम ३१४. आपल्या हिरव्या तांदुळजा-माठाच्या जातीतही जवळपास तितकेच, लोह साडेचारच्या वर आणि कॅल्शियम ३३०. या संस्थेचे मूळ १९१८ साली तामिळनाडूतील कुन्नूरला निघालेल्या बेरीबेरीच्या चौकशी केंद्रात आहे. १९५८ साली ती हैदराबादला आली. हैदराबाद आपल्याला परके नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला मराठवाडा त्याच राज्यात होता.

आणि आता एक गोष्ट मोठ्याने सांगते, मागे बसलेल्यांनीही ऐकावी. माझी मुलगी या भाजीने बरी झाली नाही. ती गोळ्यांनी बरी झाली. पाल्यातल्या लोहाचा थोडाच अंश शरीर घेते, आणि ७.८ वर आलेले रक्त भाजीने भरून निघावयाचे नाही. गोळ्यांनी तिला मळमळे, शौचास काळे होई, ती रडे. तरी डॉक्टरांनी सांगितले तितके महिने मी त्या तिला समोर बसवून दिल्या. शाळांतून मुलींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी 'उष्ण पडते' म्हणून फेकावयास सांगणाऱ्या आया आपल्या वस्तीतही आहेत. त्यांनी कृपा करून तसे सांगू नये. भाजीचे काम त्यानंतरचे, भरलेले रक्त पुन्हा उतरू न देण्याचे, आणि त्यातही तिला डाळ, कडधान्य, गूळ-शेंगदाणे, खाणाऱ्यांच्या घरी अंडी-मटण यांची जोड लागते.

हे माझ्या एकटीच्या घरचे नव्हते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात शंभरात ५७ आणि महाराष्ट्रात ५४ जणींना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत महाराष्ट्राचा आकडा ४८ होता. म्हणजे तो चढला. या सभागृहात शंभरेक बायका आहेत. मोजणी मी करीत नाही, पण दर महिन्याला भिशीसाठी जमतो त्यातला एक दिवस रक्त तपासणीला द्यावा, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे लेखी ठेवली आहे.

आमच्या घरात मी एकच बदल केला. भाजी उतरली की प्रथम सहा वाट्या भरावयाच्या, माझी आणि मुलींची धरून, आणि मग पाने मांडावयाची. पहिल्या आठवड्यात यजमानांनी विचारले, "आज भाजी कमी का?" मी म्हटले, "कमी नाही, मोजलेली आहे." सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपली वाटी स्वतःच पुढे सरकवली, कारण त्याही इतकी वर्षे आमच्यासारख्याच कढई पुसत आल्या होत्या. त्यानंतर मी चार जुड्यांऐवजी सहा आणू लागले.

थोरलीला पुढे त्या 'आळशी' शब्दाबद्दल मी विचारले. ती म्हणाली, "आठवत नाही." तिला आठवते, हे मला ठाऊक आहे. तिच्या घरीही आता वाट्या आधी भरतात.

अक्का यजमानांच्या निवृत्तीनंतर मदुरैकडे परत गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडून ठेचा शिकून घेतला आणि मला शेवग्याच्या बिया दिल्या. त्या पीकेएम जातीच्या, तामिळनाडूतील पेरियाकुलमच्या. हीच जात आपल्याकडचे शेतकरीही शेंगांसाठी लावतात. आज आणलेला पाला त्याच बियांपासून झालेल्या झाडाचा आहे. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, वादळात फांद्या मोडून तारांवर पडतात, म्हणून पावसाळ्याच्या तोंडी मी त्याची छाटणी करविते. हातभर लांबीची, मनगटाएवढी जाड फांदी जमिनीत रोवली की ती धरते. ज्यांना फांदी हवी असेल त्यांनी चिटणीसबाईंच्या वहीत नाव लिहून ठेवावे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पोते घेऊन यावे.

तेल तापले आहे. पुढच्या रांगेतल्या दोघींनी हा पाला झटकावयास माझ्याजवळ यावे.