गती आणि झीज



संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. इंटेल कंपनीने ‘आय-नाइन १३९००के’ ऑक्टोबर २०२२ मध्ये विक्रीस काढला. वर्षभराने ‘१४९००के’ आला. नाव नवे, अंग तेच. दोहोंत कोअर चोवीस : आठ जोरकस, सोळा काटकसरी. विजेची कमाल ओढ २५३ वॉट, अमेरिकेतील आरंभीची किंमत ५८९ डॉलर, तीही एकच. फरक कमाल गतीचा : ५.८ चे ६ गिगाहर्ट्झ झाले, म्हणजे शेकडा साडेतीनही नव्हे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. गती वाढली म्हटले, की ताण कोणावर पडला हे आम्ही आधी विचारतो. येथे यंत्रच झिजले. हे दोन्ही प्रोसेसर अनेकांकडे अडखळू लागले. प्रमाणाबाहेर व्होल्टेज घेतल्याने असे होते, हे २०२४ साली कंपनीनेच मान्य केले, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि हमी तिनाची पाच वर्षे केली.

तेव्हा ज्याच्यापाशी पहिला आहे, त्याने दुसऱ्यासाठी पैसा मोडू नये. नव्याने घेणाऱ्याने स्वस्त मिळेल तो घ्यावा. मात्र दुरुस्ती पहिल्याच दिवशी चढवावी. एकदा झालेली झीज तिने भरून निघत नाही.