कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर धरा

(युवा शिबिराच्या शेवटच्या दिवशी केलेलं भाषण)



पाच दिवसांत तुम्ही कॅमेरा शिकलात. माईक कसा लावायचा, बॅटरी कशी जपायची, ऊन पाठीमागे का ठेवायचं, हे आता तुम्हाला येतं. उद्या तुम्ही आपापल्या पाड्यावर जाल. त्याआधी आमची एक चूक सांगतो.

पहिल्या शिबिरानंतर आम्ही एका पाड्यावर शूटिंग केलं. एका आजीने आम्हाला प्लॉटभर फिरवलं. हा बांध सासऱ्याने घातला, हा आंबा आम्ही लावला, इथे नाचणी, वरच्या अंगाला वरई. शेजारचा प्लॉट कोणी फोडला, कोणत्या साली गार्डाने नांगर उचलून नेला, सगळं सांगितलं. पाऊण तास आजी चालत होती, बोलत होती. आम्ही त्यातली चार मिनिटं ठेवली. आजी रडली तेवढीच. खाली तारपा वाजवला. शहरात फिल्म दाखवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅसेट महाग, म्हणून उरलेल्या शूटिंगवर दुसरं शूटिंग केलं. पुढच्या पावसाळ्यात आजी वारली. मग दावे भरायची वेळ आली. वनहक्क समितीवाले विचारायला आले, आजी बांधाचं काय बोलली होती ते दाखवा. आमच्याकडे फक्त तिचं रडणं होतं.

म्हणून पहिली गोष्ट: पुरावा कापू नका. वनहक्क कायद्याच्या 2008 च्या नियमांत 13 वा नियम पुराव्याचा आहे. घर, झोपडी, सपाटीकरण, बांध हे पुरावे त्यात आहेत. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेलं, लिहून घेतलेलं, हाही पुरावा आहे. लिहून घेतलेलं, हे नीट ऐका. नुसती फिल्म दाखवून पट्टा मिळत नाही. शूटिंग झालं की त्याच दिवशी समितीसमोर बसून जबाब कागदावर उतरवा, वाचून दाखवा, अंगठा घ्या. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कोण कसत होतं, ते त्यात आलं पाहिजे. आणि कॅसेटवर पाड्याचं नाव, तारीख घालून ती जपून ठेवा. तिच्यावर पुन्हा शूटिंग नको.

दुसरी गोष्ट: कॅमेरा कुठे धरायचा. तेलंगणात जहीराबादजवळ पस्तापूर आहे. तिथल्या दलित शेतकरी बाया फिल्म बनवतात. त्यांतल्या कितीतरी कधी शाळेत गेल्या नाहीत. वरून खाली बघणाऱ्या शॉटला त्या पटेल शॉट म्हणतात, कारण जमीनदार असाच बघतो. डोळ्याला डोळा भिडवून घेतलेला तो संघम शॉट. संघमात सगळ्या बाया एका पातळीवर बसतात ना! आपली आजी जमिनीवर बसली असेल तर तुम्हीही खाली बसा. गार्ड आपल्याकडे उभ्याने बघतो. आपण तसं बघायचं नाही.

तिसरी गोष्ट: फिल्म आधी कोणाला दाखवायची. कॅनडात फोगो नावाचं मच्छीमारांचं बेट आहे. सरकार त्या लोकांना तिथून उठवायला निघालं होतं. 1967 साली तिथे लोकांच्या बोलण्याच्या छोट्या फिल्म काढल्या. त्या आधी बेटावरच्या लोकांनाच दाखवल्या. एका टोकाचं गाव दुसऱ्या टोकाच्या गावाचं ऐकू लागलं. मग त्या फिल्म सरकारपुढे गेल्या. लोकांनी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी केली, आणि बेट उठलं नाही. कॅमेऱ्याने बेट वाचवलं असं आम्ही म्हणत नाही. लोक एक झाले म्हणून वाचलं. पण एकमेकांचं ऐकायला कॅमेरा कामी आला.

तेव्हा ग्रामसभेला विचारल्याशिवाय कॅमेरा उघडू नका. फिल्म पहिल्यांदा पाड्यावर, चादर बांधून दाखवा. कोणी म्हणालं, माझं हे काढा, तर काढा. कोणाच्या घरामागे किती लाकूड आहे, मोर्च्याच्या आदल्या रात्री बैठकीला कोण कोण होतं, हे घेऊच नका. उद्या तीच फिल्म आपल्यावर केस घालायला वापरतील.

आणि उशीर करू नका. सर्व्हे नंबर तलाठ्याकडे आहे, नकाशा जंगलखात्याकडे आहे. बांध कोणी घातला ते फक्त म्हाताऱ्यांना माहीत आहे, आणि दर पावसाळ्यात त्यांतले दोन-चार कमी होतात. उद्या घरी पोचलात की सगळ्यात आधी पाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा. कॅमेरा पिशवीतच ठेवा. आधी बसा, ऐका. मग विचारा, उद्या सकाळी बांध दाखवाल का?

जिंदाबाद!