अक्षर कोठे तोडावे?



‘वाशिम’ या नावात अक्षरे किती? शाळेतले पोरही सांगेल, ३. पण पायथॉन या संगणकभाषेला विचारा; ती सांगते, ५! तिचे गणित चुकलेले नाही. युनिकोडमध्ये व, काना, श, वेलांटी आणि म यांना निरनिराळे क्रमांक आहेत. ती क्रमांक मोजते, आपण अक्षरे मोजतो.

या गावाचे जुने नाव वत्सगुल्म; वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्यात अक्षरे ४, क्रमांक मात्र ९. चौकटीत जागा अपुरी म्हणून तिसऱ्या क्रमांकावर ते तोडले, तर उरते ‘वत्’. जोडाक्षराचा अर्धा देह इकडे, अर्धा तिकडे! लक्ष्मीबाईंचे नाव असेच तोडले, तर दाखल्यावर ‘लक्’ उरेल. मग त्या बाईंनी आपली ओळख पटवायची कशी?

उपाय आहे. तोडायचे ते अक्षराच्या सीमेवर. युनिकोडने या सीमांचे नियम घालून दिले आहेत; देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम त्यांत २०२३ साली आला. तो पाळणारी साधने मात्र मुद्दाम निवडावी लागतात. प्रोग्राम लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे : कात्री चालविण्यापूर्वी नाव एकदा मोठ्याने वाचा.