जीवशास्त्र की पर्यावरण?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीस बाईंनी मला ‘चार शब्द बोला’ असे सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्राच्या विषयावर मी काय बोलणार? पण मग वाटले, हा प्रश्न शिकलेल्या बायकांपुरता कुठे आहे? दहावीचा निकाल लागला की आपल्या इथल्या घराघरांत तोच एक प्रश्न निघतो. मुलीला सायन्सला घालायचे, पण तिला जीवशास्त्र द्यावे, की ते सोडून पर्यावरण घेऊ द्यावे? यंदा माझी धाकटी दहावी झाली, तेव्हा हा प्रश्न आमच्याही घरी आला. मी शेजारच्या शिक्षिकाबाईंना विचारले, दोन कॉलेजांची पत्रके आणवली, पुस्तकांतले धडे मुलीकडून वाचून घेतले. त्यातून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे, प्रश्न ज्या रीतीने आपण विचारतो तीच रीत आपल्या राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीला लागू पडत नाही. तिथे ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय कला, वाणिज्य, शास्त्र अशा सर्वच शाखांच्या मुलांना सक्तीचा आहे. त्याला श्रेणी मिळते, टक्केवारीत तो धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या खटल्यात निकाल दिला की, शाळा-कॉलेजांतून पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवावा. तेव्हा जीवशास्त्र घेतले तरी पर्यावरण आहेच, आणि सोडले तरीही आहेच. आय.एस.सी.सारख्या दुसऱ्या परीक्षेत मात्र पर्यावरणशास्त्र हा निवडीचा स्वतंत्र विषय असतो. ज्यांची मुले तशा शाळेत आहेत त्यांच्यापुढे ही निवड खरोखरच असते.

म्हणजे आपल्यापुढचा खरा प्रश्न एवढाच की, जीवशास्त्र ठेवायचे की सोडायचे. सोडले तर त्या जागी त्या कॉलेजात असेल तो दुसरा विषय, जसे भूगोल किंवा संगणक, घेता येतो.

आता सोडल्याने काय होते ते पाहू. डॉक्टर व्हायचे, दातांचे डॉक्टर व्हायचे, आयुर्वेद किंवा होमिओपॅथीकडे जायचे, तर ‘नीट’ ही परीक्षा द्यावी लागते. तिचे एकूण गुण ७२०. त्यातले ३६०, म्हणजे बरोबर निम्मे, एकट्या जीवशास्त्राचे! बी.एस्सी. नर्सिंगलाही जीवशास्त्र लागते. फार्मसीला मात्र जीवशास्त्र किंवा गणित, दोहोंतले एक चालते. नर्सिंगचा ‘जी.एन.एम.’ हा जो डिप्लोमा आहे, त्याला कला शाखेच्या मुलीही जाऊ शकतात, तिथे जीवशास्त्राची सक्ती नाही. हे मुद्दाम सांगते, कारण जीवशास्त्र नसेल तर नर्स होताच येत नाही, अशी समजूत करून घेऊन काही मुली घरी बसतात.

कोणी म्हणेल, आता सोडले तर पुढे घेता येणार नाही का? येते. २०२३ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जाहीर केले की, बारावी झाल्यावर जादा विषय म्हणून जीवशास्त्र घेऊन जो उत्तीर्ण होईल, त्यालाही नीट देता येईल. पण मैत्रिणींनो, ज्या घरात एका वर्षाच्या फीची तोंडमिळवणी करताना नाकी नऊ येतात, त्या घरात मुलीला आणखी एक वर्ष कोण देणार? मुलाला मिळेल कदाचित. मुलीच्या बाबतीत त्या वर्षात स्थळे येऊ लागतात. म्हणून आपल्या मुलींसाठी हा विचार अकरावीच्या आधीच झाला पाहिजे.

कोणी म्हणेल, आमच्या मुलीला डॉक्टर व्हायचेच नाही, तिला पर्यावरणाची आवड आहे, मग जीवशास्त्र कशाला? याचे उत्तर मला आपल्या दारातच सापडले.

आपल्याकडे पाणी रोज येतेच असे नाही, म्हणून प्रत्येकीच्या घरी पिंप भरून ठेवलेले असते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात होतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप कोरडे करायला सांगतात. पण त्याची अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटून राहतात आणि पाण्यावाचून महिनोन् महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, कडा घासावी लागते. डास कसा वाढतो हे झाले जीवशास्त्र. पाणी का साठवावे लागते आणि टाकून दिलेल्या टायरात ते का साचते, हे झाले पर्यावरण. पहिले कळल्याशिवाय दुसऱ्यावर उपाय कसा करणार?

आपल्या खाडीचेही तसेच. तिवराची मुळे चिखलातून बोटांसारखी वर का येतात? कारण चिखलात हवा नसते, ती मुळे वर येऊन श्वास घेतात. त्यांच्यावर भराव टाकला की झाड गुदमरून मरते. झाड गेले की भरतीचे पाणी अडवणारे कोणी राहत नाही. ठाण्याच्या खाडीत जे रोहित पक्षी येतात, त्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून, शेवाळातून आणि कोळंबीसारख्या बारीक जीवांतून येतो. खाडीचा तो भाग २०१५ साली अभयारण्य झाला आणि २०२२ साली त्याला ‘रामसर’ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पण पक्षी वाचवायचा तर आधी तो काय खातो, ते कशावर वाढते, हे कळायला हवे.

हेही कबूल केले पाहिजे की, पर्यावरण एकट्या जीवशास्त्रावर चालत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक भागातला रस्ता गुलाबी झाला होता, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे तो पाहायला आले होते. तो रंग कशाचा, हे सांगायला रसायनशास्त्रच हवे. सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा उभारायची, म्हणजे पर्यावरणाच्या अभियांत्रिकीकडे जायचे, तर गणित हवे. पर्यावरण हे एकत्र कुटुंबासारखे आहे. त्यात प्रत्येक शास्त्राचे काम आहे. ज्या मुलीला झेपेल तिने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावीत, तशी सोय आहे. पश्चिम घाटाच्या रक्षणासाठी २०१० साली केंद्र सरकारने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष माधव गाडगीळ हे आपल्या पुण्याचे. त्यांनी शिक्षण घेतले ते प्राणिशास्त्राचे. जीवशास्त्राच्या वाटेने पर्यावरणाकडे असे जाता येते. उलट वाटेने डॉक्टरकीकडे जाणे कठीण.

आता एक गोष्ट आपल्या बायकांपुरती. जीवशास्त्राच्या पुस्तकात प्रजननाचा धडा असतो, म्हणून काही आयांना संकोच वाटतो. मला तर वाटते, तेवढ्या एका धड्यासाठीसुद्धा मुलींनी हा विषय शिकावा. बाईजवळ एक्स आणि एक्स अशी जोडी असते, पुरुषाजवळ एक्स आणि वाय. आईकडून नेहमी एक्सच येतो. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. आणि आपल्याकडे तिसरी मुलगी झाली की बोल कोणाला लावतात? सुनेला! किती जणींनी हा बोल ऐकला असेल, ते हात वर करायला सांगत नाही, मला ठाऊक आहे. ज्या मुलीने हे शास्त्र वाचले आहे ती मान खाली घालून ऐकून घेणार नाही, आणि पुढे सासू झाली तरी कोणाला ऐकवणार नाही.

आपल्या शेजारच्या कल्याणच्या एका घराण्यात १८६५ साली यमुना नावाची मुलगी जन्मली. चौदाव्या वर्षी ती आई झाली आणि बाळ दहा दिवसांत गेले. बाईला दाखवायला बाई डॉक्टर नव्हती. तिने अमेरिकेला जाऊन १८८६ साली डॉक्टरची पदवी घेतली. त्याच आपल्या आनंदीबाई जोशी. क्षयाने १८८७ साली, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच त्या गेल्या. त्या काळी त्यांना समुद्र ओलांडावा लागला. आपल्या मुलींना कल्याण-शीळ रस्त्यावरची गर्दी ओलांडून कॉलेजात जायचे आहे. तेही सोपे नाही, हे मी जाणते. पण वाट तर आहे!

याचा अर्थ प्रत्येक मुलीच्या गळ्यात जीवशास्त्र बांधा, असा नाही. जिचे मन आकड्यांत किंवा संगणकात रमते तिला ते करू द्यावे. शेजारणीची मुलगी डॉक्टर होणार म्हणून आपलीही झाली पाहिजे, हा हट्ट नको. आणि मोठ्या क्लासची फी परवडत नाही म्हणून जीवशास्त्र सोडा, हेही नको. विषय शिकायला क्लास लागतोच असे नाही. बालभारतीची पुस्तके इंटरनेटवर फुकट मिळतात. ज्या मुलीला झाड, प्राणी, माणसाचे शरीर यांविषयी थोडेही कुतूहल आहे, तिचे जीवशास्त्र ‘अवघड आहे’ एवढ्याच कारणासाठी सोडवू नका, इतकेच माझे म्हणणे. आणि पर्यावरण सोपे म्हणून नुसते वही भरण्यापुरतेही ठेवू नका. धूर, कचरा आणि पाणी यांचा त्रास रोज सोसणाऱ्या आपल्या भागाइतकी त्या विषयाची गरज दुसऱ्या कोणाला असणार?

माझ्या घरचे सांगायचे तर, यजमान म्हणाले, “जीवशास्त्र सोडलेले बरे, खर्च वाचेल.” मोठा मुलगा म्हणाला, “संगणक घे.” सगळ्यांचे बोलून झाल्यावर मी मुलीला विचारले, “तुला काय हवे?” तोवर तिला कोणी विचारलेच नव्हते. तिने जीवशास्त्र मागितले, आणि गणितही ठेवीन म्हणाली. यजमान अजून पुरते राजी नाहीत. पण अर्जात तिने सांगितलेलेच विषय भरले आहेत. पुढे काय होईल ते तिच्या अभ्यासावर.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली, बारावी झालेल्या मुलींची पुस्तके रद्दीत न घालता मंडळाच्या कपाटात जमा करावीत आणि गरजू मुलींना द्यावीत. दुसरी, दरवर्षी दहावीच्या निकालानंतर एखाद्या शिक्षिकाबाईंना बोलावून आया आणि मुली यांना एकत्र बसवावे. नियम बदलत असतात, तेव्हा त्या त्या वर्षीची पत्रके पाहूनच अर्ज भरावा, ऐकीव गोष्टींवर विसंबू नये.