येशूची शिकवण आणि आपला वजनकांटा
(बोरगांव मेघे, जिल्हा वर्धा, येथें झालेलें व्याख्यान)



आजचा विषय ऐकून कित्येकांच्या मनांत आलें असेल कीं, हा गृहस्थ आपणांस बाटवावयास तर आला नाहीं ना? तसें कांहीं नाहीं. मी तुमच्यासारखाच कापूस पिकविणारा शेतकरी आहें, आणि माझा कुळाचार आहे तोच आहे. जोतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहींत. तरी १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’ ग्रंथांत त्यांनीं येशूला आपल्या बळीराजाच्या पंक्तीला बसविलें. चांगली गोष्ट कोणाच्या घरची, हें विचारीत बसण्याची त्यांना गरज वाटली नाहीं.

आणि हें घर आपणांस परकें तरी कोठें आहे? येशू सुताराच्या घरांत वाढला. त्याचे सोबती मासे धरणारे कोळी. त्याच्या बोलण्यांत पेरणी येते, मेंढरें येतात, पीठ मळणारी बाई येते. पुढें ह्या शिकवणीचे मोठमोठे ग्रंथ झाले व मोठमोठीं देवळें झालीं, आणि जें आपल्याकडे होतें तेंच तिकडेही झालें. धर्म देवळांत राहिला व व्यवहार बाजारांत.

तो बाजारांत आणणारा एक मनुष्य आपल्या शेजारीं वर्ध्यास राहून गेला. त्याचें नांव जे. सी. कुमारप्पा. जन्म १८९२ चा, तंजावरच्या ख्रिस्ती घरांतला. विलायतेंत हिशेबतपासनिसाचें शिक्षण, मग अमेरिकेंत अर्थशास्त्राचा अभ्यास. १९२९ सालीं गांधींची गांठ पडली आणि साहेबी पोशाख सुटला तो सुटलाच. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचे चिटणीस म्हणून ते वर्ध्याला मगनवाडींत येऊन राहिले. तेथें तेलाची घाणी, हातकागद, मधमाशा, हातसडीचा तांदूळ, असे उद्योग चालत. ज्याच्या हाताला कोणी शिवत नसे त्या चांभाराच्या कातड्याचाही हिशेब हा विद्वान मनुष्य आपुलकीनें मांडी. येशूच्या शिकवणीवर त्यांनीं तुरुंगांत पुस्तक लिहिलें, तें १९४५ सालीं निघालें.

हिशेबाला मनुष्य असा कडक कीं, १९३४ च्या बिहार भूकंपांत मदतफंडाचे हिशेब त्यांच्याकडे असतांना खुद्द गांधी तिकडे आले, तर त्यांच्या मंडळींचा खर्च ह्या फंडांतून मिळणार नाहीं असें त्यांनीं साफ सांगितलें. गांधींना त्याचा राग आला नाहीं. आपल्याकडे अशा कारकुनाची दुसरेच दिवशीं बदली होते!

त्यांचें एक सांगणें मला फार लागलें. वस्तु स्वस्त मिळाली म्हणून आपण खूष होतों. पण ती कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन स्वस्त झाली, हें न पाहणारा गिऱ्हाईकही त्या पापांत भागीदार आहे. बायबलांत द्राक्षमळ्याची गोष्ट आहे. मालक सकाळीं आलेल्या मजुराला ठरलेली दिवसाची मजुरी देतो, आणि दिवस मावळतां आलेल्यालाही तेवढीच देतो. कां, तर त्याच्याही घरीं चूल आहे. खरें सांगतों, ही गोष्ट मला अजून पुरती पेलत नाहीं. मी तिच्या पायरीशींच अडलों, तें सांगतों.

गेल्या हंगामांत एक म्हातारी वेचणीला उशिरां आली. नातू तापानें फणफणला होता. संध्याकाळीं तिचें गाठोडें साडेबारा किलो भरलें. मीं वहींत बारा लिहिलें. वरचें अर्धे धरावयाचें नाहीं, ही आमच्या घरची जुनी वहिवाट. म्हातारी कांहीं बोलली नाहीं. त्याच आठवड्यांत व्यापाऱ्यानें माझ्या कापसावर क्विंटलमागें कडता कापला. मी तेथें भांडलों, घरीं येऊन जेवतांनाही त्याला शिव्या दिल्या. घरची मंडळी ताट वाढतां वाढतां म्हणाली, “तुम्हीं त्या आजीचें अर्धा किलो कापलें तेव्हां कोण भांडलें?”

माझा घांस तोंडांतच राहिला. लोकांनीं आपल्याशीं जसें वागावें असें वाटतें तसें आपण लोकांशीं वागावें, हें येशूचें सांगणें मीं दहा वेळां वाचलें होतें. पण तें कडत्याचें सांगणें आहे, हें तोंवर उमगलें नव्हतें.

कोणी म्हणेल, “कापसाला भाव नाहीं, मग आम्हीच कां धर्म करावा?” भावाचें गाऱ्हाणें खरें आहे, आणि त्यासाठीं भांडलेंच पाहिजे. पण अर्ध्या किलोनें माझें कर्ज फिटत नाहीं. तिच्या घरीं मात्र त्या पैशांत मिठाची पुडी येते.

यंदा आमच्या शेतांत मी वजन वाचीत नाहीं. वेचणाऱ्यांपैकीं एकीची सहावींत शिकणारी मुलगी सुटीच्या दिवशीं कांटा मोठ्यानें वाचते, आणि इतर दिवशीं वेचणारीण स्वतः आंकडा पाहून मगच वहींत लिहूं देते. पहिल्याच संध्याकाळीं सात बायांचें मिळून माझ्या जुन्या वहिवाटीपेक्षां साडेतीन किलो जास्त भरलें.