भिगवणचे फ्लेमिंगो आणि मी न टाकलेला व्हिडिओ

हेडफोन घातलेत ना? चला, आज भिगवणला जाऊ.

पुण्याहून सोलापूर हायवेला साधारण शंभर किलोमीटर. छोटंसं गाव, पण हिवाळ्यात तिथं फ्लेमिंगो येतात. मराठीत रोहित किंवा अग्निपंख. जानेवारीतल्या एका रविवारी मी आणि माझा रूममेट पहाटे चारला बाइकवर निघालो. खरं सांगतो, पक्षी बघणं वगैरे निमित्त होतं. मला रील हवी होती. शेकडो गुलाबी पंख एकदम उडताना, स्लो मोशनमध्ये.

भिगवणजवळच्या कुंभारगावातून होडी घेतली. होडीवाले काका पंचावन्न-साठचे असतील. हे सगळं पाणी उजनी धरणाचं. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि काठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. काकांनी पाण्याकडे बोट दाखवलं, "आमचं जुनं घर तिथं खाली हाय." मी मान डोलावली आणि कॅमेऱ्याचं सेटिंग बघत बसलो.

पुढे उथळ पाण्यात थवा दिसला. काकांनी लांबच इंजिन बंद केलं. फ्लेमिंगो डोकं उलटं करून, चोचीनं पाणी गाळून खातो. शेवाळ, कोळंबीसारखे बारीक जीव. त्यातल्याच रंगद्रव्यामुळे तो गुलाबी होतो. पिल्लं राखाडीच असतात. धरण तुडुंब असेल तर त्याचे पाय पुरत नाहीत. पाणी उतरलं, चिखल उघडा पडला, की मग त्याची पंगत बसते.

मी म्हटलं, "काका, जरा जवळ घ्या ना. एकदा उडवा की. वरती दोनशे देतो."

काका नुसते हसले. "नको."

तेवढ्यात दुसरी होडी इंजिन चालू ठेवून सरळ थव्यात घुसली. अख्खा थवा पाण्यावरून धावत सुटला. त्यांना तसं धावल्याशिवाय उडताच येत नाही. काळ्या-गुलाबी पंखांनी आभाळ भरलं. मी ओरडतच शूट केलं. भारी आलं!

आणि मग काहीच नाही. रिकामं पाणी. आम्ही अर्धा तास थांबलो. मागून एक कुटुंब आलं, छोटी मुलगी आईची दुर्बीण घेऊन बसलेली. तिला शेवटी बगळे दाखवले.

परत येताना काका म्हणाले, "तुमच्यासाठी आज उडवले, तर उद्या माझ्यासाठी बसायचे न्हाईत. आणि त्यांचं पोट भरायचंय की."

मी गप्प. त्या होडीवाल्याला शिव्या घालणं सोपं होतं. पण त्याच्या होडीत माझ्यासारखंच कुणीतरी "उडवा की" म्हणत बसलं असणार. फरक एवढाच, की माझ्या काकांनी दोनशे रुपये सोडले. ज्यांचं घर पाण्याखाली गेलं, त्यांना आता त्याच पाण्यावर पोट भरायचंय, आणि ते या पक्ष्यांच्या भरवशावर.

किनाऱ्यावर भाकरी आणि चिलापीचं कालवण खाल्लं. पैसे देताना काकांनी वरचे दोनशे घेतले नाहीतच.

तो व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे. टाकला नाही. टाकला असता तर तो बघून आणखी दहा जण तेच मागायला गेले असते.

तर तुम्ही जाल तेव्हा एवढंच करा. होडीत बसल्या बसल्या सांगा, "काका, उडवू नका. लांबूनच बघू." गिऱ्हाइकानंच म्हटलं, की त्यांनाही बरं पडतं.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या!